नोव्हेंबरातला उन्हाळा : मॉरिशसचं हवामान शिकवताना



उन्हाळा कधी येतो असं वर्गात विचारलं की 'मार्च ते मे' हे उत्तर एका सुरात मिळतं. आपल्यापुरतं ते बरोबरच आहे. पण ते पाठ झालं की मुलांना ऋतू म्हणजे कॅलेंडरचं पान वाटायला लागतं. अशा वेळी मी नकाशात मॉरिशस शोधायला सांगते. १८३४ नंतर कोकणातूनही मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. आजही तिथल्या काही शाळांत मराठी शिकवली जाते, त्यामुळे मुलांना ते बेट अगदीच परकं वाटत नाही.

आता अक्षांश बघा. नाशिक २०° उत्तरेला, मॉरिशस साधारण तितकंच दक्षिणेला. नाशिकला शून्य सावली दिवस २० मेच्या सुमारास येतो, तर मॉरिशसला २१ नोव्हेंबरच्या आसपास. सूर्य दोन्हीकडे सारखाच डोक्यावर! मग नाशिकचा पारा ४० च्या जवळ जातो आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावर तो ३० च्या आसपासच का थांबतो? हा प्रश्न मुलांवर सोडा, उत्तर सांगायची घाई नको. कुणीतरी "समुद्र!" म्हणतंच. पाणी सावकाश तापतं आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरचा गारवा बेटावर आणत राहतात.

हे वारे तर आपल्या ओळखीचेच! जून ते सप्टेंबर ते विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडे पाऊस आणतात. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, मग ते अलीकडे येत नाहीत. तिथेही त्यांचा जोर जुलै-ऑगस्टपेक्षा कमी झालेला असतो, पण झुळूक चालूच असते.

बेट एवढंसं, तरी हवा सगळीकडे सारखी नाही. पूर्व किनाऱ्यावर वारा जास्त. मधल्या पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, क्युरपिप हे गाव आहे. ते गार आणि पावसाळी. पश्चिमेचा किनारा मात्र कोरडा नि जास्त गरम. महाबळेश्वर आणि वाई शिकवलेल्यांना हे लगेच कळेल, फक्त पर्जन्यछाया इथे पूर्वेला आणि तिथे पश्चिमेला.

तिथे ऑक्टोबर सर्वांत कोरडा. नोव्हेंबरातही पाऊस बेताचाच. डिसेंबर सरता सरता तो वाढतो आणि चक्रीवादळांची खरी भीती जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी १९७५ मधल्या 'जर्व्हेझ' वादळात वाऱ्याचे झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले होते. म्हणून फिरायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर सोयीचा.

पालकांनो, एक मात्र लक्षात ठेवा. वारा लागला की घाम लगेच सुकतो, मूल "मला गरम होत नाही" म्हणतं आणि टोपी काढून टाकतं. पण सूर्य डोक्यावरच असतो. अतिनील किरण वाऱ्याने कमी होत नाहीत, कातडी भाजायची ती भाजतेच. टोपी आणि पाण्याची बाटली तिथेही हवीच.

आपल्याकडे शून्य सावली मे महिन्यात, म्हणजे ऐन सुट्टीत येते, तेव्हा हा प्रयोग घरीच करावा लागेल. कोल्हापूरला ती आधी, मग पुणे, मुंबई, नाशिक आणि त्यानंतर नागपूर. गच्चीवर एक सरळ डबा उभा करून ठेवा आणि दुपारी बारानंतर सावलीवर लक्ष ठेवा. जुलैतही ती पुन्हा येते, पण तेव्हा ढग बघू देतील तर!