अडले कोठे?

नवे घर बांधणे सोपे, जुन्याची डागडुजी कठीण, असे जाणते गवंडी सांगतात. नव्या घराला पैसा लागतो. जुन्याला पैशाबरोबर परीक्षाही लागते. कोणती भिंत खरोखर खचली आहे आणि कोणत्या भिंतीचा नुसता रंग उडाला आहे, हे ज्याला कळत नाही तो रंगावर पैसा उधळतो आणि खचलेली भिंत तशीच उभी राहते. जुन्या संगणकाचेही नेमके असेच असते. आमच्या घरातील एका संगणकाने गेले काही महिने आम्हा सर्वांना ह्या विषयाचे धडे दिले.

हा संगणक 2018 साली कन्येच्या अभ्यासासाठी म्हणून आला. 'अभ्यासासाठी' ह्या शब्दाचा अर्थ मुले असलेल्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही. रायझन 3 1200 हा चार कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकुलती एक पट्टी, एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क आणि जीटीएक्स 1050 टीआय हे चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड, असा त्याचा संसार. पुढे कन्या नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेली आणि यंत्र वारसाहक्काने चिरंजीवांकडे आले.

दर रविवारी रात्री ही भावंडे इंटरनेटवरून 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा खेळ खेळतात. खेळ मूळचा 1999 चा. त्याची नवी आवृत्ती 2019 साली निघाली. शेते पिकवावी, लाकूड तोडावे, किल्ले बांधावे आणि मग सैन्य घेऊन एकमेकांवर चालून जावे, असा हा उद्योग. पण कानाला यंत्रे लावून खेळताखेळता दोघांचे जे बोलणे चालते, ते माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. कोणाला ताप येऊन गेला, खानावळीत काय शिजते, आईच्या कानावर काय जाता कामा नये, ह्या सर्व वार्ता त्या तासाभरात इकडून तिकडे जातात. माझ्या आठवड्याच्या तीन फोनांत त्यांतली निम्मीही येत नाही.

परंतु डाव रंगून सैन्ये मोठी झाली, की आमचे यंत्र धापा टाकू लागे. हत्ती चिखलातून चालल्यासारखे पावले टाकीत. आणि नवल असे, की तिकडे कन्येचे यंत्र नवे कोरे असूनही तिचे घोडेही तसेच रेंगाळत. एका रविवारी ती म्हणाली, "राहू दे रे आता, मी झोपते." पुढच्या दोन रविवारी तिला 'काम' निघाले. तेव्हा खेळाविषयी सदैव उदासीन असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी आपण होऊन वीस हजार रुपये मंजूर केले. वर बजावले, की ह्यापुढे एक छदामही मिळणार नाही.

पैसा ठरला, की सल्लागारांना तोटा नसतो. चिरंजीवांच्या मित्रमंडळाचे एकमुखी मत ग्राफिक्स कार्डाच्या बाजूचे होते. खेळाचा संगणक म्हटला, की ह्या कार्डाला घोड्याच्या शर्यतीतल्या घोड्याचा मान. शेजारच्या गृहस्थांनी सारेच भंगारात घालून नवे घ्यावे असे सुचविले. माझे एक सहकारी रॅम वाढवा म्हणाले. प्रत्येकाचा उपाय कोठे ना कोठे खरा ठरलेलाच होता. पण आमच्या यंत्राची नाडी कोणीच पाहिली नव्हती.

ती पाहण्याची रीत फार साधी आहे. चिरंजीवांनी रखडलेला एक जुना डाव पुन्हा उघडला आणि चित्राचा बारकावा व आकार दोन्ही निम्म्यावर आणले. दोष ग्राफिक्स कार्डाचा असता, तर त्याचे ओझे हलके होताच खेळ धावू लागायला हवा होता. तो तसूभरही धावला नाही. मग टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तो कार्ड अर्धेअधिक रिकामे बसलेले. प्रोसेसरचा एकूण भारही फारसा दिसेना. पण चारही कोअरांचा हिशेब वेगवेगळा मांडताच उलगडा झाला: एक कोअर घामाघूम आणि उरलेले तिघे जवळजवळ निवांत! सरासरी किती फसवी असते, हे मी पंचवीस वर्षे अर्थशास्त्राच्या वर्गात सांगत आलो. इतके सुबक उदाहरण मात्र मला पाठ्यपुस्तकात कधी सापडले नव्हते.

बेंगळुरूचे घोडे का अडत, ह्याचेही उत्तर ह्यातच होते. ह्या खेळात शेकडो सैनिकांची हालचाल तारेवरून पाठविली जात नाही. खेळाडूंच्या आज्ञा तेवढ्या पाठवितात आणि प्रत्येक यंत्र सबंध युद्ध आपल्यापुरते स्वतः मोजून काढते. सर्वांचे युद्ध एकच राहावे म्हणून सर्वांनी पावलास पाऊल मिळवून चालायचे असते. साहजिकच सर्वांत मंद यंत्र जेवढे चालेल, तेवढाच सर्वांचा वेग. म्हणूनच नव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी क्रमवारीच्या सामन्यात उतरू पाहणाऱ्याच्या यंत्राची आधी परीक्षा ठेवली. एकत्र कुटुंबातून यात्रेला गेलेल्या वाचकांना हा नियम नवा वाटणार नाही.

जीन अम्डाल ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने 1967 साली जो विचार मांडला, तो गृहिणींना पूर्वापार ठाऊक असावा. स्वयंपाकाला तास लागतो आणि त्यातली दहा मिनिटे कणीक मळण्यात जातात असे धरा. कणीक क्षणात मळणारे यंत्र आणले, तरी पन्नास मिनिटे उरतातच. वीस हजारांचे कार्ड घेतले असते, तर आम्ही कणकेचेच यंत्र घेतले असते.

एकदा अडले कोठे हे कळल्यावर निवड सोपी झाली. आमच्या मदरबोर्डाची बैठक एएम4 जातीची. तीत 2017 चा प्रोसेसर बसतो, तसाच 2022 साली निघालेला सहा कोअरचा रायझन 5 5600 सुद्धा बसतो. दोघांचीही वीज 65 वॅटच्या हिशेबाची, म्हणून एसएमपीएस बदलणे नको. शिवाय विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 च्या मान्य यादीत जुन्या प्रोसेसरला जागा नाही. तोही प्रश्न ह्याच खर्चात मिटला. उरलेल्या रकमेत हार्ड डिस्कच्या जोडीला एक लहान एसएसडी घेतली. डाव सुरू होतानाही सर्वांना सर्वांत मंद यंत्राची वाट पाहावी लागते ना! 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी रॅमचे भाव आकाशाला भिडविले, म्हणून दुसरी पट्टी वापरलेलीच घेतली. एकाऐवजी दोन पट्ट्या झाल्या, की प्रोसेसरला माहिती एका वाटेऐवजी दोन वाटांनी मिळते, हा त्यातला लाभ.

ही खरेदी लॅमिंग्टन रोडवर झाली. तेथल्या दुकानदाराने एक मोलाची गोष्ट बजावली: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा, मग नवा बसवा. क्रम उलटला, तर नव्याची ओळख न पटून यंत्र उठायचेच नाही. सून घरात येण्याआधी तिचे नाव शिधापत्रिकेवर घालण्यासारखाच हा प्रकार!

आता पडद्यावरचे पाणी पूर्वीइतकेच निळे आणि झाडे पूर्वीइतकीच हिरवी दिसतात. घरी आलेल्या मित्राला काही बदलले आहे असे वाटणारही नाही. हत्ती मात्र हत्तीसारखे चालतात, आणि कन्येची रविवारची 'कामे' आटोपली आहेत. उद्या चिरंजीवांना नव्या, देखण्या, चित्रभाराने वाकलेल्या खेळांची गोडी लागली, तर अडेल ते हेच चार जीबीचे कार्ड. मग मित्रमंडळाचा सल्ला खरा ठरेल. यंत्र तेच, पण त्याच्याकडून काय हवे ह्यावर त्याचा दुबळा भाग कोणता हे ठरते.

आपला स्वभाव मात्र दिसेल ते आधी सुधारण्याचा आहे. ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून महाविद्यालये नवी प्रवेशद्वारे बांधतात; मुलाला गणित समजत नाही म्हणून पालक त्याला नवे टेबल घेऊन देतात. आणि अडलेली जागा नेमकी सापडली, तरी अडचण कायमची जात नाही. एकीकडून उठवली, की ती शेजारच्या भागात जाऊन बसते. तिचा पाठलाग करीत निघालेल्या मनुष्याला लॅमिंग्टन रोडचा अंत कधी लागायचा नाही. आमच्या घरी तो लागला, ह्याचे श्रेय वीस हजारांच्या मर्यादेला आहे, आणि तितकेच त्या रविवारच्या तासाला. त्याहून अधिक आम्हाला त्या यंत्राकडून काही नकोच होते.