गाडीचं वय

बैलाचं वय दातांवरून ओळखतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. घोडेगावच्या बाजारात व्यापारी बैलाचा ओठ वर करतो आणि लगेच वय सांगून मोकळा होतो. पण बैल एकदा जुळला की दात काही सांगत नाहीत. मग त्याचा खांदा बघायचा, खूर बघायचे, चालवून बघायचं. मोटारसायकलचंही तसंच आहे. आरसी बुकावरचं साल म्हणजे तिचे दात. पहिली पाच-सात वर्षं त्यावरून काही कळतं, त्यापुढं साल बघून उपयोग नाही.

तरी पारावर बसलेली पोरं मला सालच विचारतात. माझ्याकडं 1998 सालची स्प्लेंडर आहे आणि ती अजून रोज चालते. म्हणून त्यांना वाटतं, म्हाताऱ्याकडं काहीतरी गुपित आहे. "आबा, गाडी किती वर्षं टिकते हो?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. दहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. इंजिनाचं शास्त्र मला येत नाही. जे हाताखालून गेलं, तेवढंच सांगतो.

माझी पहिली गाडी राजदूत. 1986 ला जुनी घेतली होती. ते टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरायचा आणि गाडी जागेवर जाम व्हायची. जास्त झालं तर धूर, आणि प्लग काळा पडून किक मारून मारून पिंढऱ्या भरून यायच्या. सायलेन्सरमध्ये काजळी साचली की तो काढून पाचटाच्या आगीत भाजायचा आणि झटकायचा. पण तिची हाडं मजबूत होती. नांगराचा फाळ, खताचं पोतं, दोन माणसं, काही म्हणता काही म्हणायची नाही. सात-आठ वर्षं वापरली. विकली ती मोडली म्हणून नाही, पेट्रोल परवडेना म्हणून. गाडी संपायला मोडावीच लागते असं नाही. घरात पैसा नसला तर धडधाकट गाडीसुद्धा संपते.

तोवर फोर-स्ट्रोक गाड्या खेड्यात आल्या होत्या. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 निघाली, 1994 ला स्प्लेंडर आली. ऑइल इंजिनात वेगळं, पेट्रोल वेगळं, आणि एका लिटरात राजदूतच्या दुप्पट पल्ला. 1998 च्या दसऱ्याला मी आणि माझ्या धाकट्या भावानं एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन स्प्लेंडर घेतल्या. माझी काळी, त्याची लाल. दोघांनीही पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. आईनं दोन्ही गाड्यांना आपट्याची पानं वाहिली.

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या वाटण्या झाल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. मला डांबरी रस्त्याकडचा तुकडा आला. धाकट्याला ओढ्याकाठचा आला. माती त्याची चांगली, पण वाट अडीच किलोमीटर, सगळी काळी माती. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी घातली की चिखल मडगार्डात भरतो, चाक फिरायचं थांबतं, आणि माणूस काडीनं चिखल कोरत बसतो.

धाकट्याची गाडी नऊ वर्षांत संपली. 2007 ला भंगारवाल्यानं टेम्पोत घालून नेली. माझी चालूच राहिली. मग गावात बोलायला सुरुवात झाली. थोरल्याचा हात चांगला, धाकट्याला वस्तू टिकवता येत नाही. आई तर त्याच्या तोंडावर म्हणायची, "थोरल्याची बघ अन् तुझी बघ. एका दिवशी आणल्या ना रं दोन्ही?" तो कधी उलटून बोलला नाही. खाली मान घालून बसायचा.

आता गाडी कशानं टिकते ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

पहिली गोष्ट ऑइल. या गाडीत लिटरभराच्या आतच ऑइल बसतं. एवढंसं ऑइल, आणि त्यावर सगळं इंजिन. दोन-अडीच हजार किलोमीटरला ते बदललं, तर रिंग-पिस्टन लवकर झिजत नाहीत. काळं झालेलं ऑइल तसंच ठेवून वरून थोडं थोडं घालत राहिलं, तर आतली कानस चालूच राहते. आमच्या मिस्तरीचं म्हणणं असं, की गाड्या उन्हानं किंवा ओझ्यानं मरत नाहीत, "पुढच्या महिन्यात बदलू" यानं मरतात.

दुसरी गोष्ट धूळ. गहू-हरभऱ्याचं मळणीयंत्र चालू असताना शेजारी गाडी चालू ठेवली, तर एअर फिल्टर एका दिवसात भरतो. फिल्टर फाटका असला तर ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

तिसरी गोष्ट चेन. चेन ढिली झाली की लोक नुसती चेन बदलतात. जुन्या स्प्रॉकेटचे दात वाकलेले असतात, ते नव्या चेनला चार महिन्यांत खातात. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदम बदलायचे असतात. पण एकदम म्हणजे पैसेही एकदम लागतात. ज्याच्या खिशात तेवढे नसतात, तो तीन वेळा चेन बदलतो आणि शेवटी जास्तच घालवतो. गरिबाची गाडी अशी महाग पडते.

चौथी गोष्ट खत आणि औषधं. युरियाची गोणी मागं टाकून आणली, ती जराशी फाटकी असली, की सांडलेलं खत दमट हवेत पाणी धरतं आणि लोखंडाला खातं. मडगार्ड, कॅरिअर, सायलेन्सरची नळी तिथूनच सडते. खत आणलं की त्याच दिवशी गाडीवर दोन बादल्या पाणी ओतायचं, हा माझा नेम.

पाचवी गोष्ट उगाच जवळ जवळ चालवणं. घरापासून मळ्यात, मळ्यातून डेअरीवर, दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन नीट तापायच्या आधीच बंद. त्यापेक्षा रोज नेवाशाला जाऊन येणाऱ्या शिक्षकाची गाडी किलोमीटरच्या मानानं जास्त टिकते. तिचे किलोमीटर जास्त, पण झीज कमी.

आणि एक नवी गोष्ट. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं, म्हणजे आमचाच ऊस फिरून आमच्या टाकीत येतो. उसाला भाव मिळायला त्याचा आधार होतो, ते नाकारत नाही. पण इथेनॉल ओलावा ओढतं, आणि जुन्या कार्बोरेटरमधल्या रबरी नळ्या-वायसर त्याला धरून बनवलेले नव्हते. म्हणून जुनी गाडी महिना महिना उभी ठेवू नये, आणि नळ्या वरचेवर बघाव्यात.

हे सगळं मी पाळलं. पाळता आलं, हे जास्त खरं. माझी वाट डांबरी, घर रस्त्यावर, आणि गाडी दिवसाला सरासरी वीस किलोमीटर चालायची. 2009 ला पहिल्यांदा इंजिन उतरवलं. लेथवर बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. 2019 ला पुन्हा, आणखी पाव मिलिमीटर. त्यात एकदा क्लच प्लेटा, दोनदा शॉकअप, आणि उंदरानं वायरिंग कुरतडलं तेव्हा एकदा सगळं वायरिंग. गाडी सत्तावीस वर्षांची झाली म्हणतो खरं, पण तिच्यात जुनं काय उरलंय? चासी, टाकी, हँडल आणि नंबर.

गेल्या वर्षी आम्ही दोघं भाऊ माझ्या ओट्यावर बसलो होतो. मुलगा म्हणत होता, "आबा, हिला आता सोडा, बॅटरीची गाडी घेऊ." धाकटा गाडीकडं बघत होता. मी सहज विचारलं, "तू दिवसाला किती फिरायचास रं तेव्हा?"

तो दुधाचा धंदा करायचा. वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचा. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणजे ऐंशी किलोच्या वर दूध, कॅनचं वजन वेगळं, आणि वर तो स्वतः. तो बोटं मोजत म्हणाला, "साठ. पावसाळ्यात बी साठच. दूध काय थांबतंय व्हय?"

मी आत जाऊन पोराच्या वहीचा कागद आणला. साठ गुणिले तीनशे पासष्ट, म्हणजे एकवीस हजार नऊशे. त्याला नवानं गुणलं. एक लाख सत्त्याण्णव हजार शंभर. मग माझं मांडलं. वीस गुणिले तीनशे पासष्ट, सात हजार तीनशे. गुणिले सत्तावीस. उत्तर तेच आलं. एक लाख सत्त्याण्णव हजार शंभर. मला वाटलं माझं गुणाकारात काही चुकलं, म्हणून मुलाला मोबाईलवर करायला लावलं. तेच.

आता साठ काय आणि वीस काय, हे अंदाजाचे आकडे. नेमका किलोमीटर काही जुळणार नाही. पण जी गाडी नऊ वर्षांत संपली म्हणून गावानं त्याला नाव ठेवलं, ती गाडी माझ्या सत्तावीस वर्षांच्या गाडीएवढी चालली होती. तीही चिखलातून, ऐंशी किलो ओझ्याखाली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्याच्याकडं इंजिन दोनदा करायला पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. गाडी चार दिवस गॅरेजला राहिली, तर चार दिवस दूध कुणी न्यायचं? गवळी बदलला की लोक परत येत नाहीत. म्हणून इंजिन धूर ओकत असतानाही तो चालवत राहिला. त्याच गाडीच्या जिवावर त्यानं पतसंस्थेचं कर्ज फेडलं, दोन मुली दिल्या आणि ओढ्याकाठी विहीर पाडली.

आणि ती गाडी एकटी संपली नाही. त्या वाटेवरचे गचके नऊ वर्षं शॉकअपनं खाल्ले, आणि शॉकअप बसल्यावर त्याच्या पाठीनं खाल्ले. त्याच्या मणक्यात गॅप पडली. 2008 ला डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. गाडीला बोअर करून पाव मिलिमीटरचा पिस्टन मिळतो. माणसाला तसं काही मिळत नाही. आज त्याला रिक्षात बसायलाही हात द्यावा लागतो.

कागद त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "दादा, हे आईला दाखवायला पायजे होतं."

आई 2015 ला गेली. मी काही बोललो नाही. त्यानं कागदाची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

तेव्हापासून पोरांनी विचारलं, की मी वर्षं सांगत नाही. त्यांना म्हणतो, किती किलोमीटर, कसल्या वाटेनं, केवढं ओझं घेऊन आणि खिशात किती पैसे असताना, हे आधी सांगा. शंभर सीसीची गाडी वेळेवर ऑइल बदललं तर पाऊण लाख, लाखभर किलोमीटर पहिल्या इंजिनावर सहज जाते. पुढं एक-दोनदा इंजिन करून तेवढीच जाते. जुनी गाडी घ्यायची असेल, तर मीटर बघू नका. मीटरची केबल सोडायला दोन मिनिटं लागतात. सकाळी थंड गाडी चालू करायला लावा, आणि रेस केल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. हँडल सोडून सरळ ढकलून बघा, एका बाजूला ओढली तर चिमटा वाकलेला आहे. आणि ती कुणी वापरली, कशासाठी वापरली, हे गावात चार जणांना विचारा. बैल घेताना मागचा मालक बघतात, ते काही उगाच नाही.

माझ्या गाडीची पंधरा वर्षं 2013 ला भरली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी तिला तपासणीला न्यावं लागतं. एप्रिल 2022 मध्ये दुचाकीच्या फेरनोंदणीची फी 300 वरून 1000 रुपये झाली. 2025 च्या ऑगस्टात वीस वर्षांपुढच्या दुचाकीला ती 2000 झाली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे सरकारही सांगतंय, की आता सोडा. मुलगाही तेच सांगतो आणि त्याचं चुकीचं नाही. बॅटरीच्या गाडीला ऑइल नाही, रिंगा नाहीत. तिची बॅटरी किती वर्षं जाते ते त्याची पिढी लिहील.

माझ्या गाडीचा कागद 2028 पर्यंत आहे. माझं लायसनही 2028 पर्यंतच. पंचावन्नच्या पुढं लायसनसुद्धा पाच-पाच वर्षांचंच देतात, आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तोवर धाकट्याला दर सोमवारी मणक्याच्या डॉक्टरांकडं नेवाशाला न्यायचं आहे. रिक्षात त्याला गचके बसतात. माझ्या मागच्या सीटवर मी घडी केलेली गोधडी टाकतो, आणि तिसरा गिअर सोडून वर जात नाही.