ताईचे वीस प्रश्न

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार या गावी माझे वास्तव्य आहे. सकाळी सहाच्या सुमारास येथे माझा फोन वाजला, म्हणजे तो ताईचा असे समजावे. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहते. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीच्या सायंकाळचे साडेसात झालेले असतात. स्वयंपाक आटोपून, चष्मा पुसून ती फोनपाशी बसे. इकडे मी प्रातःप्रार्थना संपवून ओसरीवर येई. २०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत, रविवार वगळता, आमचा हा वर्ग भरत होता. विद्यार्थिनीचे वय पासष्ट पूर्ण, आणि ज्याला तिने बोट धरून शाळेत नेले तो धाकटा भाऊ मास्तर!

विषय होता अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा.

ही परीक्षा कशी असते हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल, कारण वसईपासून पुण्यापर्यंत आपल्या किती तरी घरांतील लेकी-सुना, मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. ताईने अर्ज केला तेव्हाच्या नियमांनुसार सामान्य अर्जदाराने शंभर प्रश्नांची तयारी करावयाची. अधिकारी त्यांतील जास्तीत जास्त दहा विचारणार. सहांची उत्तरे बरोबर आली की झाले. २० ऑक्टोबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी हे ओझे वाढले आहे. आता प्रश्न १२८ झाले असून, विचारावयाचे वीस आणि बरोबर यावयाचे बारा, असा दंडक आहे. मात्र ज्यांचे वय पासष्ट वर्षांचे झाले आहे आणि ज्यांनी कायम रहिवासी म्हणून वीस वर्षे तेथे काढली आहेत, अशा वृद्धांना एक सवलत तेव्हाही होती, आजही आहे. त्यांनी केवळ वीस प्रश्नांचा अभ्यास करावा आणि परीक्षा आपल्या मातृभाषेत, दुभाष्याच्या साहाय्याने द्यावी. ताई २००३ साली तेथे गेली. म्हणजे ती या सवलतीत बसत होती. न्यू जर्सीतील सरकारी कचेरीत मराठीतून उत्तरे देण्याचा अधिकार आपल्या बहिणीला आहे, हे वाचून मला केवढे नवल वाटले म्हणून सांगू!

परंतु हे पुढचे झाले. या वर्गाआधी माझ्या हातून एक आगळीक घडली होती. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचा मानस ताईने प्रथम बोलून दाखविला, तेव्हा मी थट्टेच्या सुरात म्हणालो, "म्हणजे आता मायभूमीला सोडचिठ्ठी देणार म्हण की!" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "ठेवते हं फादर," एवढेच ती म्हणाली. एरवी ती मला 'बाबू' म्हणते. 'फादर' म्हणते ते रागावली म्हणजे. पुढले पंधरा दिवस तिचा फोन आला नाही.

माझ्या बोलण्यात थट्टा होती, पण ती निखळ नव्हती. सेमिनरीत असताना प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाच्या अटकेचा प्रसंग मी आवडीने अभ्यासला होता. रोमी सरदाराने मोठी रक्कम मोजून नागरिकत्व मिळविलेले असते. पौल मात्र जन्मानेच रोमी नागरिक असतो आणि तसे ताठ मानेने सांगतो. मनातल्या मनात मी स्वतःला पौलाच्या बाजूला बसविले होते आणि बहिणीला त्या सरदाराच्या. जन्माने मिळालेले ते खरे, खटपट करून मिळविलेले ते उणे, असा माझा सरळ हिशेब होता.

अखेर मीच फोन केला. तेव्हा ताईने आपले दुःख सांगितले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमची आई गेली. ताईला येता आले नाही. तिने मातीही पाहिली नाही आणि कबरेवर मूठभर फुलेही टाकता आली नाहीत. त्यानंतर भावजी गेले. आता तिची एकच इच्छा उरली होती : वर्षातले सहा-सात महिने वसईला येऊन राहावे, आईच्या कबरेपाशी बसावे, वाडीतली केळी पाहावीत. पण कायम रहिवाशाच्या कार्डावर असे दीर्घकाळ बाहेर राहता येत नाही. मुक्काम सहा महिन्यांपलीकडे गेला की परतताना चौकशी होऊ शकते. पूर्वपरवानगीवाचून वर्ष उलटले तर रहिवासाचा हक्कच धोक्यात येतो. लेक, जावई, नातवंडे तिकडे. आईची कबर इकडे. दोन्हींकडे मोकळेपणाने येजा करावयाची तर मार्ग एकच होता : तेथील नागरिक व्हायचे आणि भारतासाठी 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड घ्यायचे. ते कार्ड म्हणजे आयुष्यभराची प्रवेशाची मुभा.

"बाबू," ती म्हणाली, "घरी येता यावं म्हणून मला परकी व्हावं लागतंय. आणि तू सोडचिठ्ठी म्हणतोस!"

मी क्षमा मागितली. प्रायश्चित्त तिनेच सांगितले : "मग आता माझा अभ्यास घे."

असा आमचा वर्ग सुरू झाला. वीस प्रश्न मी मराठीत उतरवून काढले. ध्वजावर पन्नास तारे का? राज्ये पन्नास म्हणून. तुमच्या राज्याची राजधानी कोणती? ट्रेंटन. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कोठे? न्यूयॉर्कच्या बंदरात. अब्राहम लिंकन यांनी केलेली एक गोष्ट सांगा. गुलामांना मुक्त केले. हे सोपे होते. परंतु पहिल्या घटनादुरुस्तीतील एखादे स्वातंत्र्य सांगा म्हटल्यावर ताई अडली. मी म्हणालो, "भाषण, धर्म, वृत्तपत्रे, सभा, सरकारकडे गाऱ्हाणे मांडणे. यांतले एक सांगितलेस तरी पुरे." तिने धर्म निवडला. "रविवारी मिस्सेला जाते ना, तेवढं लक्षात राहील."

केवळ नागरिकाचेच असे एक कर्तव्य कोणते, या प्रश्नाची उत्तरे दोन : राष्ट्रीय निवडणुकीत मत देणे, किंवा ज्यूरीवर बसणे. ज्यूरी म्हणजे काय हे समजावताना मला मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला आठवला. आमच्या वडिलांच्या पिढीने त्याची चर्चा किती रंगवून केली होती! तो सांगताच ताईला ज्यूरी कळली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबाबतही तसेच झाले. १९५९ साली ते भारतात आले आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले, हे सांगितल्यावर तो परका माणूस तिला ओळखीचा वाटू लागला.

एका प्रश्नाने मात्र गंमत केली. सध्याचे राष्ट्राध्यक्ष कोण? ताईने 'जो बायडन' हे उत्तर घोकून पक्के केले होते. नोव्हेंबरात तेथे निवडणूक झाली आणि २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेतली. मुलाखत फेब्रुवारीत. "वीसच प्रश्न, त्यातही उत्तर बदललं," असे म्हणून ती कितीतरी वेळ हसत होती.

आमची ही प्रश्नोत्तरे ऐकणारा तिसरा एक श्रोता होता. शेजारचे आजोबा रोज सकाळी उन्हाला ओसरीवर येऊन बसत. वय नव्वदीकडे झुकलेले. एके दिवशी त्यांनी विचारले, "फादर, हे रोज कुणाची परीक्षा घेता? धर्मशिक्षणाची हाय का?" मी सारी हकीकत सांगितली. आजोबांनी मान हलविली. "आमाला तं कुणीच काय इचारलं नाई. निजामाचे व्हतो, मंग भारताचे झालो. म्या बारा वर्साचा व्हतो."

मी चपापलो. हे आपले मराठवाड्याचे नागरिकत्व! पंधरा ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थानातील ही माणसे निजामाची प्रजाच होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा, रझाकारांचे अत्याचार, शेवटी सैन्याची कारवाई, आणि मग १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन. आजोबांना कोणी वीस प्रश्न विचारले नाहीत हे खरे. पण ते नागरिकत्व फुकटचे नव्हते. त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली होती. वसईत जन्मलेल्या माझ्यासारख्याने तर काहीच मोजलेले नव्हते.

"तुम्ही मतदान करता ना, आजोबा?" मी विचारले.

"एक बी चुकवलं नाई," ते म्हणाले. त्याच नोव्हेंबरच्या २० तारखेला विधानसभेसाठी ते काठी टेकीत जाऊन मत देऊन आले होते. बोटावरची शाई त्यांनी मला मुद्दाम दाखविली होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ताईने वीस वर्षांत कोठेच मत दिलेले नाही. तेथे अधिकार नव्हता. येथे नाव नोंदवून मतदानाच्या दिवशी समक्ष येणे जमणारे नव्हते. कर तेथे भरला, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कष्ट तेथे केले, परंतु आपले म्हणणे मांडावयास जागा कोठेच नाही. मी तिला सोडचिठ्ठीचा टोमणा मारला, तेव्हा या एकाकीपणाचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता.

त्या दिवसापासून आजोबांच्या आग्रहास्तव आम्ही आपल्या देशाचेही प्रश्न काढू लागलो. आवारात शिकवणीला येणारी आठवीतली एक मुलगी त्यांत सामील झाली. तिने मलाच विचारले, "फादर, मूलभूत कर्तव्ये किती?" मी ऐटीत म्हणालो, "दहा." "अकरा!" ती म्हणाली. ती बरोबर होती. १९७६ च्या दुरुस्तीने दहा आली. अकरावे २००२ साली जोडले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना पालकांनी शिक्षणाची संधी द्यावी, असे ते आहे. इतकी वर्षे प्रवचनांतून मुलींना शाळेत पाठवा म्हणून सांगणाऱ्या मला ते राज्यघटनेतही लिहिले आहे, हे माहीत नव्हते! जन्माने नागरिक असलेला मी त्या परीक्षेत नापास झालो.

परक्याने भारतीय व्हावयाचे तर आपला १९५५ चा कायदा काय सांगतो, तेही मी पाहिले. इतर अटींबरोबर त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी लागते. आपली मराठी त्या अनुसूचीत आहे. बेल्जियममधून आलेल्या फादर कामिल बुल्के यांनी हिंदी आपलीशी केली, रामकथेवर प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. त्यांना कोणी 'बेल्जियमला सोडचिठ्ठी दिली' असे म्हटले असेल काय? याउलट उदाहरण गोव्याचे. १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारतीय झाले, पण ठराविक मुदतीत इच्छा कळविणाऱ्यास पोर्तुगीज राहण्याची मोकळीक होती. फादर मोंतेरो या धर्मगुरूंनी तसे केले. पुढे राहण्याचा परवाना त्यांनी वाढवून घेतला नाही, देश सोडण्याचा हुकूम मानला नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. जन्मभूमी तीच, माती तीच. पण कागदाने माणूस परका ठरला. कागद मन बदलीत नाही, तरी दार उघडणे आणि लावणे त्याच्या हाती असते. ताईला ते दार उघडे हवे होते, इतकेच.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताईला खरी भीती वाटू लागली, ती प्रश्नांची नव्हे, शपथेची. ज्या देशाचे आपण आजवर नागरिक होतो त्याची निष्ठा सर्वस्वी सोडली, असे त्या शपथेत म्हणावे लागते. "बाबू, हे पाप नाही ना? आईला काय वाटेल?"

धर्मगुरू म्हणून अनेकांना उत्तरे दिली, पण येथे क्षणभर शब्द सुचेना. मग म्हणालो, "ताई, शपथेत राज्याची निष्ठा सोडायला सांगतात, आईला सोडायला सांगत नाहीत. जे म्हणशील ते खरेपणाने म्हण. त्या देशाशी खोटे वागू नकोस. त्याने तुला वीस वर्षे अन्न दिले आहे." कायद्याने आवश्यकता पडल्यास शस्त्र धाराल काय, असाही प्रश्न अर्जात असतो. धर्मश्रद्धेमुळे ज्याला ते मान्य नसेल त्याला त्यात सूट मागता येते, हे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, "तांदळाचं पोतं उचलत नाही, शस्त्र कुठलं उचलते!" भीती थोडी निवळली.

पहिल्या सहाही प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, तेव्हा अधिकाऱ्याने पुढचे विचारलेच नाहीत. "चौदा प्रश्न वाया गेले," अशी तिची तक्रार! मार्चमध्ये शपथ झाली. त्या दिवशी सकाळी आमच्या शिवारात हळद शिजत होती. तो वास नाकात असतानाच तिचा फोन आला. ती रडत होती. मीही काही बोललो नाही. आपला कायदा दोन नागरिकत्वे मान्य करीत नाही. त्यामुळे पुढे तिने भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला. नव्या कार्डावर तिला येथे मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही; वारसाहक्काने आलेला वाडीतला वाटा मात्र राहील.

२०२५ च्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, ताई आईच्या कबरेपाशी मेणबत्ती लावून बसली होती. परतीच्या तिकिटाची घाई नव्हती. निघण्यापूर्वी न्यू जर्सीच्या गव्हर्नरच्या निवडणुकीचे मत ती टपालाने देऊन आली होती. बावीस वर्षांतले तिचे पहिले मत.

पुढे ती येथे जवळा बाजारला आली. आजोबांनी ओसरीवर तिला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, "आक्का, तुमी परीक्षा दिऊन नागरिक झाल्या. आता आमच्या फादरची परीक्षा घ्या. अकरा सांगत्यात का बघा."

ताईने चष्मा पुसला आणि मला समोर उभे केले. तिसऱ्या कर्तव्यावरच मी अडखळलो. आठवीतली ती मुलगी मागून हळूच उत्तर सांगत होती.