हिरवं वेखंड

पुण्यात मंडईच्या आसपासच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत बाळगुटीचं सामान मागितलं, की दुकानदार मान वर न करता एकेका डब्यात हात घालत जातो. मुरडशेंग, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, सुंठ, काकडशिंगी, सागरगोटा आणि वेखंड. बाकीचं सामान ओळखायला नजर लागते. वेखंडाचं तसं नाही. पुडी बांधून झाली तरी ते आत आहे हे नाकाला कळतं. मळकट तपकिरी, बोटाएवढा जाड, अंगावर वळ्या असलेला हा तुकडा मराठी घरात जन्मलेल्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो. कुणाला सहाणेवर उगाळून, कुणाला सर्दीत कपाळावरचा लेप म्हणून, कुणाला आंघोळीनंतर टाळूवर भुरभुरलेली पूड म्हणून, नाहीतर बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीवरच्या धुरीतून.

इतकी ओळख, पण ती सगळी वाळलेल्या तुकड्याशी. हळद आणि आलं आपण निदान बाजारात ओलं पाहतो. वेखंड कुठे वाढतं, त्याला पानं कशी असतात, फूल येतं की नाही, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते डब्यातच जन्माला येतं असं धरून आपण चालतो.

हिरवं वेखंड मी पहिल्यांदा पाहिलं ते कोकणात, मावशीकडे. न्हाणीघराचं पाणी मागे जिथे उतरायचं तिथे अळू होतं, कर्दळ होती, आणि त्यांच्या पलीकडे, बारा महिने चिखल असलेल्या पट्ट्यात, गुडघ्याच्या वर आलेल्या पात्यांचं दाट रान होतं. पहिल्या नजरेला गवतच. "गवत कसलं, वेखंड हो ते! पाय देऊ नकोस," मावशी म्हणाली आणि एक पान मोडून तिने ते माझ्या तळहातावर चुरगळलं. डब्यातल्या वेखंडाचा वास कडवट आणि कोरडा. पानाला मात्र संत्र्याची साल सोलताना उडतो तसा ताजा वास होता, आणि त्याच्या तळाशी तो लहानपणापासूनचा उग्रपणा. निघताना तिने कोयत्याने कांडीचा वीतभर तुकडा तोडून केळीच्या सोपात गुंडाळून दिला. "याला काही करावं लागत नाही. पाणी तोडू नकोस म्हणजे झालं."

पाणी न तोडणं कोकणात सोपं आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, एप्रिलच्या उन्हात, ती पूर्ण वेळाची नोकरी होते. शिवाय बागकामाचं पहिलं वाक्यच असतं की कुंडीला तळाशी भोक हवं. वेखंडाला भोक नको. माळ्यावर मुलाचा आंघोळीचा प्लास्टिकचा टब पडून होता, त्याचं बूच घट्ट बसवलं आणि त्यातच खाचर केलं. माती चिकण हवी, भाताच्या शेतातली मिळाली तर उत्तम. तिच्यात थोडं मुरलेलं शेणखत. आजकाल सगळीकडे मिळणारं कोकोपीट इथे कामाचं नाही, ते वर तरंगतं आणि माती खाली बसते. पावसाच्या तोंडावर कांडी आडवी ठेवायची, डोळा वर येईल अशी, दोन बोटं खोल. खोल पुरली तर कुजते. चिखल हाताने दाबून द्यायचा, आणि मग खरोखरच काही करायचं नाही.

काही आठवड्यांनी चिखलातून एक टोकदार हिरवी सुई निघते. मग तिच्या कुशीतून दुसरी. पानं एकमेकांत खोचलेली, दोन्ही बाजूंना पंख्यासारखी उलगडत जाणारी. मला या झाडाची खरी गंमत वाटते ती पानाच्या जवळ गेल्यावर. दुरून लव्हाळं, पाणकणीस, भात, काहीही म्हणून खपेल असं पान. पण बोटांत धरलं की मधली शीर चांगलीच वर आलेली लागते आणि ती मधोमध नसते. जराशी एका अंगाला सरकलेली असते, जणू आखताना पट्टी हलली. एका कडेला बारीक आडव्या चुण्या पडलेल्या असतात. बुडाशी पान गुलाबी होत होत चिखलात शिरतं. तिथे कांडी असते. ती खाली जात नाही, आडवी पसरते. टबाच्या भिंतीला लागली की वळते आणि भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकते. वरून साल तपकिरी-गुलाबी, मोडली की आत पांढरी, थोडी स्पंजासारखी, आणि खालच्या अंगाला पांढऱ्या मुळ्यांची झालर.

ऊन त्याला सकाळचं चालतं. पुण्यातल्या मेमधल्या दुपारचं चालत नाही, पानांची टोकं करपतात. बोअरचं जड पाणीही मानवत नाही, त्यानेही टोकं जातात. टँकरच्या दिवसांत मी तांदूळ धुतलेलं पाणी साठवून घालतो आणि घरातले माझ्याकडे बघतात.

पावसाळ्यात मात्र वेगळीच पंचाईत होते. डेंग्यूचे दिवस आले की पालिकेचे लोक टॉर्च घेऊन गच्चीवर येतात. कुंडीखालच्या बशा, फ्रीजचा मागचा ट्रे, टायर, नारळाच्या करवंट्या, सगळं बघतात. बरोबरच करतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. त्यांच्यातल्या एकाने टबात टॉर्च मारून विचारलं, "हे काय लावलंय?" वेखंड म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम घरचा झाला. "बाळाचं वेखंड? हे असं असतं होय!" मग त्याने वाकून एक पान हुंगलं, आणि तरी टबातलं पाणी काढायला लावलं. तेव्हापासून पाण्याची पातळी चिखलाच्या वर येऊ द्यायची नाही, असं ठरवलंय. चिखल चमकला पाहिजे, पण त्यात आभाळ दिसता कामा नये. वेखंडाला तेवढं पुरतं. ज्यांच्याकडे हौद आहे त्यांनी खुशाल वर पाणी ठेवावं आणि गप्पी मासे सोडावेत.

त्याला फूल येतं, पण कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. पानासारखाच दिसणारा एक दांडा, आणि त्याच्या मध्यावर एका बाजूने, तिरकं, करंगळीएवढं हिरवट-पिवळं कणीस. त्यावर अगदी बारीक फुलं खेटून खेटून बसलेली. या कणसावरूनच जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेखंडाला अळू-सुरणाच्या घरात बसवलं होतं. जनुकांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा कळलं की ते त्या घरातलं नाहीच. भात, ऊस, केळ, नारळ, कांदा, बांबू, एकदल म्हणून जेवढ्या वनस्पती आहेत त्या साऱ्या एका बाजूला आणि वेखंडाचं छोटंसं कुळ दुसऱ्या बाजूला, अशी सगळ्यात पहिली वाटणी कोट्यवधी वर्षांपूर्वी झाली. म्हणजे आपल्या ताटातला भात आणि त्याच्याखालचं केळीचं पान वेखंडाचं चुलत घराणं. मोठा मान आहे, पण चिखलात उभ्या असलेल्या या झाडाकडे बघून तो कुणाला पटणार नाही.

कणीस येतं, पण दाणा धरत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाढतं ते वेखंड त्रिगुणित आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, आणि तिघांची जोडी लागत नाही म्हणून बी होत नाही. युरोपातलं तर सगळंच असं वांझ. सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून व्हिएन्नाला क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे काही कांड्या पोचल्या, त्याने त्या वाढवल्या, वाटल्या, आणि अशाच हातोहात ते पुढे तिथल्या नद्या-तळ्यांच्या काठांना लागलं. पूर पानं-कांड्या वाहून नेतो हे खरं. पण एका घरच्या चिखलातून दुसऱ्या घरच्या चिखलात जायचं तर मधे माणूसच लागतो. कुणीतरी तोडून दिलं पाहिजे आणि कुणीतरी ते सुकायच्या आत लावलं पाहिजे. मावशीचं घर नव्याने बांधलं तेव्हा न्हाणीघर आत आलं, सांडपाणी शोषखड्ड्यात गेलं आणि मागचा पट्टा एका उन्हाळ्यात वाळून गेला. आता तिच्याकडे वेखंड नाही. माझ्या टबात जे आहे ते तिच्याच झाडाचा भाग आहे, शब्दशः. बी नसल्यामुळे मूल आणि आई असा फरकच इथे नाही.

अशी दिल्याशिवाय न जाणारी वस्तू इतक्या लांब गेली, ती वासापायी. चीनमध्ये पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी वेखंडाची पाती दारावर टांगतात, रोगराई आत येऊ नये म्हणून. जपानात 5 मेला मुलांच्या सणाला गरम पाण्याच्या टबात ही पाती सोडून त्यात आंघोळ करतात. मी टबाची निवड केली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तमिळनाडूत याला वसंबु म्हणतात आणि त्याच्या चकत्या दोऱ्यात ओवून बाळाच्या मनगटाला बांधतात. तिथेच तंजावरला मराठी माणसाने जाऊन बघावं असं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या भोसल्यांनी, जोपासलेलं. तिथल्या पोथ्यांमध्ये किडे होऊ नयेत म्हणून वेखंड, मिरी, दालचिनी, कापूर अशा जिनसांच्या पुडीच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत आहे. आपल्या आज्या रेशमी लुगड्यांच्या घडीत वेखंड ठेवायच्या ते याच हिशेबाने. 1977 साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवलं की वेखंडातल्या असॅरोन या द्रव्याने किड्यांच्या माद्या वांझ होतात. स्वतः बी न धरणारं झाड दुसऱ्याचीही प्रजा थांबवतं.

याच असॅरोनमुळे बाळगुटीचा प्रश्न येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने 1968 मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. जम्मूकडच्या वेखंडाच्या तेलात हे द्रव्य भरपूर; अमेरिका आणि सायबेरियातल्या द्विगुणित जातीत जवळजवळ नाही. म्हणजे आपलं वेखंड नेमकं नको त्या बाजूचं. आयुर्वेदालाही ते जपूनच वापरायचं हे माहीत होतं. वमनाच्या, म्हणजे उलटी करवणाऱ्या, द्रव्यांत वचा, म्हणजे वेखंडच, मोजली आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला गुटी देऊच नका म्हणतात आणि मला ते पटतं. मावशीला नाही पटत. "मग तुम्ही सगळे कसे वाढलात रे?" याला उत्तर नाही, म्हणजे आहे, पण ते मावशीला देण्यासारखं नाही. टाळूवरची पूडही डॉक्टरांना पसंत नसते, बाळाच्या नाकातोंडात जाते म्हणून. तेव्हा माझ्या घरचं वेखंड बाळाच्या वाटेला जाणार नाही, कपाटाच्या वाटेला जाईल.

कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यात कोरटगेरे भागात वेखंडाची शेती होते, अगदी भातासारखी. चिखलणी करायची, फूटभर अंतरावर कांड्या टोचायच्या, पाणी धरून ठेवायचं आणि पानं पिवळी पडून सुकायला लागली की खणायचं. मीही तसंच केलं. टबातलं पाणी आटू दिलं, चिखल लोण्याच्या घट्टपणाला आला तेव्हा कांड्यांचं जाळं उचललं. ते एका हाताला पेलेना. डोळे असलेली टोकं पुन्हा लावायला बाजूला काढली. त्यातली काही मावशीकडे जातील, नव्या घराच्या नळाखाली तिने जागा केली आहे. बाकीच्या कांड्यांच्या मुळ्या छाटल्या, बोटबोटभर तुकडे केले, सावलीत वाळत घातले. वाळल्यावर गोणपाटात घालून घासले की वरचे खपले निघून जातात. ओलं असताना जे परातभर होतं ते वाळून दोन ओंजळी झालं. घरभर आठवडाभर तो वास होता, शेजारच्या काकूंनी दारात येऊन "कोण आलंय बाळंतपणाला?" असं विचारलं.

अर्धं साड्यांच्या कपाटात गेलं. अर्धं मी पुस्तकांच्या मागे पातळ फडक्यात बांधून ठेवलंय. खालच्या फळीला कसर लागलेली आहे, दिवाळीच्या साफसफाईला ती फळी पहिली काढणार आहे.