शिक्षणाच्या पैशाला तारीख हवी

आमची मुलगी २०१४ सालची. २०१५च्या जानेवारीत सुकन्या समृद्धी योजना आली आणि काही महिन्यांतच आम्ही काचीगुड्याच्या पोस्टात तिचं खातं उघडलं. सासूबाई त्याला कौतुकानं ‘लग्नाची ठेव’ म्हणतात. बायकोनं मात्र पासबुकाच्या कव्हरवर ‘कॉलेज’ असं लिहून टाकलंय.

पैसे १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होणार, म्हणजे २०३६ला. मुलगी आता सहावीत आहे. दहावी २०३०ला, इंटर २०३२ला आणि इंजिनीअरिंगला गेली तर पदवी २०३६ला. म्हणजे पूर्ण रक्कम हातात येईल ती शिक्षण संपल्यावर! सासूबाईंचं म्हणणं मग आपोआप खरं ठरायचं.

यावर नियमातच तोड आहे. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती लागते आणि फीपेक्षा जास्त मिळत नाही. ही रक्कम आम्ही पदवीसाठी राखून ठेवली आहे.

कारण आपल्या हैदराबादेत खर्च दहावीनंतरच सुरू होतो. इंटरची दोन वर्षं, त्यात जेईई नाहीतर ईएपीसेटची तयारी, शिवाय हॉस्टेल. त्यासाठी या एप्रिलमध्ये पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली. ती २०३०च्या एप्रिलमध्ये, ॲडमिशनच्या तोंडावर सुटेल. शेजारच्या आंटींनी चिट सुचवली होती. पण चिटमध्ये लिलावात किती सूट सोडावी लागेल ते आधी कळत नाही, आणि मला ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम हवी होती.

धाकटा २०१८चा. त्याच्या नावानं २०१९मध्ये पीपीएफ उघडलं. ते २०३५च्या एप्रिलमध्ये पूर्ण होईल, कॉलेजच्या एक वर्ष आधी. एक लक्षात ठेवा, आपलं आणि अज्ञान मुलाचं पीपीएफ मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे.

मंडळातल्या तरुण आईबाबांना एवढंच सुचवेन. व्याजाचे दर जरूर बघा, पण आधी एका कागदावर मुलाच्या दहावीचं, बारावीचं आणि पदवीचं साल लिहा. त्याशेजारी प्रत्येक ठेव कधी सुटते ते लिहा. जिथं जागा रिकामी दिसेल, तिथली बचत याच महिन्यात सुरू करा.

सासूबाईंनी परवा तो कागद बघितला आणि विचारलं, “मग लग्नाचं काय?” नात म्हणाली, “आजी, तोवर मी कमावती असेन.”