गिअरचं तेल आणि अर्ध्या तासाचा धीर



‘प्रवासात जेवणाचं कसं करता गं?’ असं तुम्ही नेहमी विचारता. आमचं उत्तर म्हणजे आमचं जुनं मोटरहोम. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात ते घेतलं, आणि गाळलेलं पाणी, कंदमुळांशिवायचा स्वयंपाक, सूर्यास्ताआधी जेवण हे सगळं प्रवासातही सुटेनासं झालं. सासूबाई खूश! पण या घराला चाकं आहेत. सामान भरलं की वजन सहा टनांच्या आसपास जातं. म्हणून शेगडीइतकंच लक्ष बॉनेटखाली द्यावं लागतं. त्यातही ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल.

हे तेल नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवणं, आतले क्लच दाबून धरणं आणि उष्णता वाहून नेणं, ही सगळी कामं तेच करतं. कमी पडलं तर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि ताकासारखा फेस येतो. दोन्हीकडे परिणाम एकच, क्लच घसरतात आणि गिअरबॉक्स तापतो.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही युटातल्या झायनला निघालो होतो. पहिला मुक्काम बार्स्टोजवळ केला. सकाळी गार गाडीतच यांनी डिपस्टिक ओढून पाहिली, तर तेल खुणेच्या बरंच खाली. शेजारच्या गाडीतले गृहस्थ म्हणाले, ‘एक बाटली ओता आणि निघा.’ यांनी बाटली उघडायलाच घेतली होती. मी म्हटलं, ‘अहो थांबा, पुस्तकात गरम गाडीवर बघायला सांगितलंय.’ तेल तापलं की फुगतं. त्यामुळे गार तेलाची पातळी गरम तेलाच्या खुणेशी ताडून उपयोग नाही.

पुढचा रस्ता मात्र मनात होताच. बेकर गाव समुद्रसपाटीपासून 300 मीटरही उंच नाही, आणि तिथून पुढे माउंटन पास 1,400 मीटरच्या वर. वाळवंटातला तो लांबच लांब चढ. गाडीत सासूबाई आणि दोन मुलं. म्हणून ठरवलं, बेकरपर्यंत सपाटीवर हळू जायचं आणि चढाला लागण्याआधी तेल नीट बघायचं.

बेकरला 134 फूट उंचीचा थर्मामीटर आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 साली 134 अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ती आठवण. तिथे सपाट जागा बघून गाडी लावली. हायवेवरून आल्यावर तेल जास्तच तापलेलं असतं, म्हणून आमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे अर्धा तास इंजिन बंद ठेवलं. यांची चुळबूळ चालली होती, दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा होता ना! सासूबाई शांतपणे णमोकार म्हणत बसल्या.

मग इंजिन सुरू केलं. हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली. यांनी ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका जागी थोडा थोडा थांबवत फिरवला आणि परत पार्कमध्ये आणला. इंजिन चालूच ठेवायचं, कारण बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. मी ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले, कारण पंखा आणि पट्टा समोरच फिरत असतात. डिपस्टिक सुती कपड्याने पुसायची, पण त्याचे धागे सुटता कामा नयेत. पाणी गाळायचा कपडा आपण पारखून घेतो ना, तसाच हाही बघून घ्यायचा. पुसून पुन्हा पूर्ण आत घातली आणि बाहेर काढली. तेल बरोबर गरमच्या पट्ट्यात, लालसर, करपल्याचा वास नाही. बाटली तशीच राहिली. सकाळी ओतलं असतं, तर जास्तीचं तेल घेऊन आम्ही तो चढ चढलो असतो.

तेल खरंच कमी निघालं तर पुस्तकात नाव दिलेलंच तेल, लांब नळीच्या नरसाळ्याने, पाव-पाव लिटर घालायचं आणि दर वेळी परत बघायचं. जमिनीवर सांडू द्यायचं नाही, मुंग्या-किडे मरतात. जुनं तेल इथली सुट्या भागांची बरीच दुकानं परत घेतात. आणि पातळी वारंवार उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती मेकॅनिकलाच दाखवायची. प्रत्येक गाडीची रीत निराळी असते, काहींना तर ही डिपस्टिकच नसते. तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक आधी वाचा.

यत्नाचार म्हणजे फक्त जपून चालणं, जपून बोलणं असं नाही. पुरेशी माहिती मिळेपर्यंत हात आवरणं हाही यत्नाचारच. त्या दिवशी माउंटन पास आम्ही आरामात ओलांडला आणि वरणभात उजेडातच झाला.

तुमच्या घरातली गाडी कोण तपासतं? पुढच्या प्रवासाआधी त्यांच्या शेजारी उभ्या राहा, आणि जमलं तर डिपस्टिक तुम्हीच हातात घ्या.