सातव्या महिन्यातलं इंजेक्शन आणि बाळाची प्रतिकारशक्ती



‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपल्याकडे बायकांचे चेहरे उतरतात. धुळ्याला दिलेल्या माझ्या भाचीला 31व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, डॉक्टरांनी डेक्सामेथासोन दिलं, आणि विहीणबाईंचा मला जळगावला फोन आला, “ताई, बाळ जन्मभर आजारी राहील म्हणतात हो!”

मी त्यांना आधी हे सांगितलं की मुदतीआधीच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. आईला स्टेरॉइड दिलं तर ती लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी 1972 मध्ये दाखवलं. बारा-बारा तासांनी 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं. 2014 पासून आपल्याकडे नर्सताईही ती देऊ शकतात.

पण विहीणबाईंची शंका अगदीच पोकळ नव्हती. दम्यासाठी घेतात ते प्रेडनिसोलोन वार बरंचसं निष्प्रभ करते. डेक्सामेथासोन मात्र बाळापर्यंत पोचतं, आणि फुप्फुसापाशी थांबत नाही. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. स्टेरॉइडने ती आक्रसते. तैवानमध्ये जवळपास 20 लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या, 2023 मध्ये निष्कर्ष आले: इंजेक्शन मिळालेल्या बाळांना पहिल्या वर्षात न्यूमोनिया, जुलाब, सेप्सिस जास्त. अर्थात त्या आयांची प्रकृती मुळात नाजूक, म्हणून सगळा दोष इंजेक्शनचाच असं म्हणता येत नाही. आणि न्यूझीलंडची ती पहिली बाळं तिशीत पोचल्यावर तपासली, तेव्हा दमा त्यांच्यात जास्त नव्हता. ‘जन्मभर’ हा शब्द आपण बायकांनीच जोडलाय.

मला खरी काळजी वाटते ती आठवडे मोजण्याची. 2015 मध्ये छापून आलेल्या, बेळगाव-नागपूरकडच्या खेड्यांसह सहा देशांत झालेल्या चाचणीत इंजेक्शनचा वापर वाढला, पण एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले. आठवडे अंदाजाने धरलेले, आणि कितीतरी आया पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. 2020 च्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, नीट सोयीच्या दवाखान्यांत दिलं, तेव्हा मृत्यू कमी झाले. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका, ती याचसाठी.

भाचीला पाचव्या दिवशी मुलगी झाली, पेटीत ठेवावी लागली, आता घरी आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. उकळलेलं पाणीसुद्धा नाही, घुटी नाही. मध तर आपल्याकडे तसाही चालत नाही. लसी तारखेला. बारसं साधंच केलं, सर्दी असलेल्यांना लांबूनच दर्शन! ताप आला तर घरगुती काढा नाही, सरळ डॉक्टर.

डिस्चार्जच्या कागदावर इंजेक्शनचा आठवडा आणि डोस लिहून घेतलाय. विहीणबाईंनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक माझ्याकडे पाठवली.